खोकल्यातून रक्त पडलं तर: नागपुरात कधी निघायचं, कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

खोकल्यातून रक्त पडलं की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गरमी झाली, ताक द्या. दुसरा आतल्या खोलीत जाऊन कॅन्सरच्या नावाने रडायला लागतो. मे महिन्यातल्या नागपुरात पहिला तट जिंकतो, आणि तेच जास्त धोक्याचं आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या मामांना टीबी होऊन बरा झाला होता. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि फाइल धरून त्यांच्या मागे हिंडायचं काम माझ्याकडे आलं. केसपेपरच्या खिडकीवर काय विचारतात, कोणता कागद घरी राहिला की परत यावं लागतं, कोणत्या तपासणीला उपाशी जायचं, हे सगळं त्या फिरण्यात कळलं. तेच इथे क्रमाने लिहितो. रक्त कशामुळे आलं हे घरी बसून ठरत नाही. नुसतं ऐकून डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. घरच्यांनी ठरवायचं ते एवढंच की आत्ता निघायचं की उद्या सकाळी.

१. आत्ता की उद्या सकाळी?

यातलं एकही लक्षण असेल तर आत्ता. १०८ लावा, किंवा जी गाडी आधी मिळेल ती.

- चहाचे दोन-तीन चमचे किंवा त्याहून जास्त निव्वळ रक्त पडलं, किंवा थोडं थोडं पण थांबायलाच तयार नाही.
- दम लागतोय, एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ-नखं निळसर दिसताहेत.
- छातीत दुखतंय, विशेषतः श्वास आत घेताना कळ येते.
- भोवळ, थंड घाम, छातीत धडधड.
- गुलाबी फेस पडतोय आणि आडवं झालं की जीव घाबरतो. हे बहुतेकदा हृदयाचं असतं.
- एक पाय सुजलाय, किंवा नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर झालंय. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन बसली असू शकते.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. हृदयाची झडप बदललेल्यांनी हे फार जपावं.
- सिकलसेलचा रुग्ण आहे आणि ताप, छातीत दुखणं किंवा दम आहे. आपल्या विदर्भात हे वेगळं सांगायलाच हवं.
- रुग्ण लहान मूल आहे. शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकलेला असला तरी असं होतं आणि मुलाला ते सांगता येत नाही.

यातलं काही नाही, चांगला चालता-बोलता माणूस आहे आणि बेडक्यात एक-दोन लाल रेषा दिसल्या, तर रात्रीची धावाधाव नको, उद्या सकाळी जा. पण उद्या सकाळी म्हणजे उद्याच. लग्न आटोपल्यावर नाही, पुतण्याची परीक्षा झाल्यावर नाही. रक्त आपोआप थांबलं तरी जायचं. एकदा पडून मग महिनाभर काहीच झालं नाही आणि त्या महिनाभरात आतला आजार वाढत राहिला, असं घडू शकतं.

दोन-तीन चमच्यांवर एवढं का अडलंय? अपघातात माणूस बाटल्याच्या बाटल्या रक्त जाऊनही वाचतो. इथे भीती रक्त कमी होण्याची कमी आणि गुदमरण्याची जास्त असते. श्वासनलिका आणि तिच्या फांद्या मिळून जागा साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढी. तेवढं रक्त साचून गोठलं की हवा जायला वाट उरत नाही. म्हणून मोठ्या रक्तस्रावात डॉक्टर सलाईनच्या आधी श्वासाकडे बघतात.

२. गाडी येईपर्यंत

रुग्णाला उताणं झोपवू नका. बसवा, थोडं पुढे झुकवा, आलेलं सगळं थुंकू द्या. गिळायला लावू नका. गिळलेलं रक्त पोटात ढवळतं, उलटी होते आणि मग छातीचं की पोटाचं हा गोंधळ आणखी वाढतो. बसवत नसेल तर कुशीवर घ्या. कोणत्या बाजूचं फुप्फुस आजारी आहे हे जुन्या एक्स-रेवरून माहीत असेल तर तीच बाजू खाली. आपल्याला वाटतं, दुखरी बाजू वर ठेवावी. पण आजारी बाजू वर राहिली तर तिथलं रक्त खालच्या चांगल्या फुप्फुसात उतरतं.

खायला-प्यायला काही नको, पाण्याचे घोटही नकोत. पाठीवर थापट्या नकोत, वाफ नको. खोकला दाबणारं औषध तर अजिबात नको, कारण त्या घटकेला खोकला हीच रुग्णाची झाडू आहे. घरात शिल्लक राहिलेल्या रक्त थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्याही लांब ठेवा. अडुळशाचा काढा खोकल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि एरवी कोणी घेत असेल तर माझी हरकत नाही. पण रक्त पडताना काढ्यावर पंधरा दिवस काढायचे नसतात.

३. रक्त आलं कुठून: नाक, तोंड, पोट की छाती?

डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. नीट बघून ठेवलं तर त्यांचं काम सोपं होतं, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

नाक. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात गेला की कोरड्या हवेने घोळणा फुटणं नवीन नाही. रात्री झोपेत हेच रक्त मागच्या बाजूने घशात उतरतं आणि सकाळी खाकरलं की बाहेर पडतं. नाकपुडीत वाळलेली खपली आहे का, घशात काही ओघळल्यासारखं वाटतं का, आधी कधी घोळणा फुटलाय का, ते बघा.

तोंड. हिरड्या, किडका दात, तोंडातली जखम. आणि आपल्याकडे खर्रा. मामा पहिल्यांदा म्हणाले तेही हेच, "कायले घाबरून राहिला? खर्र्याचा रंग होय तो." खर्रा चघळणाऱ्याची थुंकी तशीही तांबूस-तपकिरी असते आणि हिरड्या हुळहुळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बोलणं अगदीच वावगं नव्हतं. त्यांना साध्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या, पाणी स्वच्छ पडेपर्यंत. मग पुढचा खोकला आला तेव्हा हातात पांढरा कागदी कप दिला. कपाच्या तळाशी लालभडक, फेसाळ पातळ थर आणि मधोमध बेडक्याचा पिवळट गोळा. खर्र्याचा रंग असा बुडबुडे घेऊन येत नाही. तेवढ्यावर वाद मिटला. फक्त बघण्यासाठी म्हणून कोणाला मुद्दाम जोरजोरात खोकायला लावू नका. आपोआप येईल तेच बघा.

पोट. हे रक्त उलटीतून येतं. आधी मळमळ होते, रंग काळपट किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा, त्यात अन्नाचे कण आणि आंबट वास. नंतर संडास डांबरासारखी काळी होऊ शकते. दारूची सवय, काविळीचा इतिहास, दुखण्याच्या गोळ्या रोज घेणं यापैकी काही असेल तर संशय पक्का. याला छातीचा डॉक्टर नव्हे, पोटाचा लागतो. पण घाई तेवढीच, सरळ कॅज्युअल्टी.

छाती. खोकून येतं, त्याआधी घशात गुदगुल्या किंवा छातीत खळखळ जाणवते. रंग लालभडक, फेस आणि बेडका मिसळलेला. मोठा स्राव थांबल्यावर पुढचे काही दिवस तपकिरी गुठळ्या पडत राहतात. ते आधी साचलेलं असतं, पण डॉक्टरांना तेही सांगायचं.

आणि काहीच कळलं नाही तर? छातीचं समजून चाला आणि निघा. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत ताप असून नाक, हिरड्या, खोकला, कुठूनही रक्त येत असेल तर डेंग्यूही डोक्यात ठेवा आणि थांबू नका.

४. निघण्याआधी दोन मिनिटं: फोटो आणि टिपण

पडलेलं रक्त ओतून देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी चमचा किंवा नाणं ठेवून, म्हणजे अंदाज येतो. "भरपूर रक्त पडलं" या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. घाबरलेल्या माणसाला चमचाभर रक्त वाटीभर दिसतं, आणि कपड्यात-रुमालात जिरलेलं मोजलंच जात नाही.

मग एका कागदावर लिहा: पहिल्यांदा कधी पडलं, किती वेळा, दर वेळी अंदाजे किती. खोकला किती आठवड्यांचा. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं. आधी टीबी झाला होता का, कोणत्या साली, औषधं पुरी केली का. बिडी-सिगारेट किती वर्षं. घरात किंवा शेजारात कोणाला टीबी. कामाचं स्वरूपही लिहा. कोळसा खाण, गिट्टीखदान, दगड फोडणं, जिनिंग यांतली धूळ छातीत वर्षानुवर्षं साचते. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुस खराब झालेल्यांना टीबीही लवकर धरतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असली तरी हे सांगायचं, कारण रुग्ण स्वतःहून "आता घरीच असतो" एवढंच सांगून मोकळा होतो.

५. पिशवीत काय टाकायचं

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रत आणि दोन-दोन झेरॉक्स. आयुष्मान कार्ड असेल तर तेही.
- जुने सगळे एक्स-रे. नुसता रिपोर्ट पुरत नाही, फिल्म लागते. सीटीची सीडी असेल तर ती. नव्या चित्राशेजारी जुनं ठेवल्याशिवाय डाग जुना की नवा हे कळत नाही.
- टीबीचं जुनं कार्ड किंवा डिस्चार्ज कार्ड.
- चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. "एक लाल गोळी सकाळी" याने काही समजत नाही. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांतलं काही असेल तर आधी तेच पुढे करा. आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झडप किंवा स्टेंट असलेल्याला ते महागात पडतं. थांबवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.
- रक्तगट माहीत असेल तर लिहून, शिवाय झाकणाचा डबा, मास्क, टॉवेल, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर.
- सोबत धावपळ करू शकणारा एक माणूस. चिठ्ठी, औषध, रक्त तपासणीची नळी, सगळीकडे तोच पळतो.

एक्स-रे घडी घालू नका. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका, फिल्म चिकटतात.

६. नागपुरात कुठे

तातडीचं असेल तर जवळचं, अतिदक्षता विभाग असलेलं कोणतंही मोठं रुग्णालय. या वेळी नावाजलेलं शोधत शहर ओलांडू नका.

सरकारीत मुख्य पर्याय तीन. हनुमाननगरकडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं मेडिकल. रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळं नागपूर मेयो म्हणतं. आणि वर्धा रोडला मिहानमधलं एम्स. मेडिकल आणि मेयोची कॅज्युअल्टी चोवीस तास असते. एम्स चांगलं, पण शहराच्या मधल्या किंवा उत्तरेच्या भागातून लांब पडतं, त्यामुळे रात्री रक्त पडत असताना कामठीच्या माणसाने मिहान गाठायचा हट्ट धरू नये.

सकाळच्या ओपीडीला जायचं असेल तर लवकर पोचा. केसपेपरची रांग मोठी असते आणि खिडकी दुपारआधी बंद होते. केसपेपर काढतानाच "खोकल्यातून रक्त" असं स्पष्ट सांगा. नुसतं "खोकला आहे" म्हटलं तर मेडिसिनच्या लांब रांगेत उभं राहावं लागतं. हे शब्द ऐकल्यावर छाती व श्वसनरोग विभागाकडे पाठवतात. रांगेत असताना पुन्हा रक्त पडलं तर रांग सोडून थेट कॅज्युअल्टीत जा आणि जवळच्या सिस्टरला सांगा. तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

ग्रामीण भागातून येणाऱ्यांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून रेफरची चिठ्ठी घेतली तर बरं. रस्त्यात काही झालं तर तेवढी सोय हाताशी असते. वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्राम आणि सावंगी जवळ आहेत, नागपूरच गाठलं पाहिजे असं नाही.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण हे आपोआप लागू होत नाही. योजनेच्या यादीतलं रुग्णालय आणि यादीतलाच उपचार लागतो, मंजुरी आधी घ्यावी लागते. प्रत्येक अशा रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस बसतो. भरती झाल्याबरोबर, बिल होण्याआधी त्याला गाठा. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नसेल तर तिथे अडतं, म्हणून ते घरीच ताडून घ्या.

७. कोणत्या तपासण्या होतात आणि कुठे लोक फसतात

छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, बोटाला लावून ऑक्सिजन आणि थुंकीची तपासणी, एवढं पहिल्याच दिवशी. स्त्री गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेच्या दारातच सांगा.

थुंकीचे सहसा दोन नमुने देतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, लोकांपासून दूर उभे राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका डबीत पाडा. तोंडातली लाळ भरून दिली की अहवाल निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात. याच नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होतं. त्यात टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का, हे दोन्ही कळतं. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट आहे.

पहिला सापळा अँटिबायोटिकचा. एका खासगी दवाखान्यात मामांना एक्स-रे न काढताच लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं होतं. या जातीची औषधं टीबीच्या जंतूलाही थोडंफार दाबतात. त्यामुळे चार-आठ दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. म्हणून आधी थुंकी द्या, औषध नंतर. आणि कोणी असं औषध दिलंच असेल तर पुढच्या डॉक्टरला नाव दाखवा.

दुसरा सापळा, "एक्स-रे नॉर्मल आहे". चाळिशीच्या पुढचा, बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढलेला माणूस असेल तर नॉर्मल एक्स-रेवर विषय संपवू नका. हृदयाच्या सावलीआड लपलेली किंवा श्वासनलिकेच्या आतली गाठ एक्स-रेत दिसेलच असं नाही. सीटी स्कॅन लागतो का, हा प्रश्न आपण होऊन विचारा.

सीटीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध सोडतात. त्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट लागतो, तो नसला की तारीख पुढे जाते. मूत्रपिंडाचा त्रास, आधीची अॅलर्जी आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी, ही तिन्ही माहिती टेक्निशियनला द्या. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळीतून श्वासनलिका आतून बघणं, यासाठी काही तास उपाशी राहावं लागतं. किती ते तिथे सांगतात. घसा बधिर केलेला असतो, म्हणून झाल्यावर सांगितल्याशिवाय चहासुद्धा देऊ नका, ठसका लागून तो फुप्फुसात जाईल.

कारणांची यादी मोठी आहे: छातीचा साधा संसर्ग, न्यूमोनिया, टीबी, श्वासनलिका कायमच्या फुगून राहणं, गाठ, फुप्फुसातली गुठळी, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आवळलेली हृदयाची झडप. कधी कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. तेव्हा पुन्हा कधी यायचं ते लिहून घ्या आणि त्या तारखेला जा.

८. टीबी निघाला तर

घाबरायचं नाही, पण अर्धवट सोडायचं नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रात औषधं मोफत. खासगीत उपचार घेतले तरी रुग्णाची नोंद करणं डॉक्टरला बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय आयडी, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. निक्षय पोषण योजनेचे पैसे याच नोंदीवर बँकेत येतात. महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खासगी रुग्णांनाही हे लागू आहे. आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. शंका असेल तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी-लाल होते, थुंकी आणि अश्रूंनाही तसा रंग येतो. तो रिफाम्पिसिनचा रंग, रक्त नव्हे. हे आधीच सांगितलं नाही तर कोणीतरी घाबरून गोळ्या बंद करतंच. उलट्या, भूक मरणं, डोळे पिवळे होणं हे मात्र लगेच दाखवायचं, गोळ्यांचा यकृतावर परिणाम होत असू शकतो. बेडक्यातल्या रेषा औषध सुरू झाल्यावरही काही दिवस दिसू शकतात. प्रमाण वाढलं तर पुन्हा पायरी १.

घरातल्यांसाठी: खिडक्या उघड्या, रुग्णाला मास्क, थुंकी झाकणाच्या डब्यात. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळी पंगत याचा काडीचा उपयोग नाही आणि माणूस त्याने आतून खचतो. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना टीबी नाही अशांसाठी प्रतिबंधक औषधं असतात, त्याबद्दल केंद्रातच विचारा.

९. टीबी आधी होऊन गेला असेल तर

हा भाग मामांमुळे कळला. जुना टीबी बरा झालेल्या माणसाला पुन्हा रक्त पडलं की सगळे म्हणतात, टीबी उलटला, चला गोळ्या सुरू करा. कधी तो खरंच उलटलेला असतो, म्हणून थुंकी तपासायचीच. पण पुष्कळदा जंतू नसतात. टीबी गेला तरी मागे व्रण आणि पोकळी राहते. श्वासनलिका तिथे फुगून बसतात, कधी पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो.

रक्त मात्र जोराने येतं, त्याचं कारण वेगळं आहे. फुप्फुसाला दोन ठिकाणांहून रक्त मिळतं. मोठी फुप्फुस-धमनी असते तिच्यात दाब कमी. दुसऱ्या बारीक ब्रॉन्कियल धमन्या थेट महाधमनीतून निघतात, त्यांच्यात दाब जास्त. जुन्या व्रणाभोवती याच दुसऱ्या धमन्या जाड आणि वेड्यावाकड्या होतात. एखादी फुटली की पंपासारखं रक्त येतं. जंतूच नसतील तर टीबीच्या गोळ्या देऊन ही धमनी बंद होणार नाही. म्हणून जंतूंचा पुरावा नसताना सहा महिन्यांचा कोर्स पुन्हा सुरू करायला कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्या, शक्यतो छातीच्या तज्ज्ञाचं.

मोठ्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या स्रावात ब्रॉन्कियल आर्टरी एम्बोलायझेशन करतात. जांघेतल्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी घालून, पडद्यावर बघत, फुटणाऱ्या धमनीपर्यंत जातात आणि ती कणांनी बुजवतात. बहुतेकदा भूल फक्त त्या जागेपुरती, रुग्ण जागा असतो. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं. ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते, म्हणून भरती करताना "ही सोय इथे आहे का, नसेल तर कुठे पाठवाल" हे विचारून ठेवा, ते ऐन वेळी विचारायला नको. जांघेतून केलं तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. मामांना सर्वांत जड तेच गेलं, दर पाच मिनिटांनी "आता हलवू का?" चालू होतं. छातीत काही दिवस दुखू शकतं. पायात जोर नसणं, बधिरपणा किंवा लघवी अडणं यातलं काही झालं तर त्याच क्षणी सिस्टरला सांगायचं. मणक्याकडे जाणारी धमनी याच भागातून निघते, म्हणून हा धोका संमतिपत्रकात लिहिलेला असतो; सही करण्याआधी तो परिच्छेद वाचून घ्या.

एम्बोलायझेशनने स्राव थांबतो, व्रण जात नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा रक्त पडू शकतं. आजार फुप्फुसाच्या एकाच भागात असेल आणि रुग्णाची ताकद असेल तर तो भाग काढण्याचं ऑपरेशन सुचवतात.

१०. घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा, घरी येऊन नाही. गोळ्या किती दिवस, रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, पुढची तारीख कोणती, हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. सीटीची सीडी आणि फिल्म परत घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

सुरुवातीचे काही आठवडे जड उचलणं आणि जोर लावणं टाळा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. बिडी-सिगारेट पूर्ण बंद. खर्राही बंद. एक तर तोंडाचा कॅन्सर, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वेळी तांबूस थुंकी दिसली की रक्त कोणतं आणि खर्रा कोणता, हे पुन्हा ओळखत बसावं लागतं. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा, खराब झालेल्या फुप्फुसात प्रत्येक संसर्ग नवं रक्त आणू शकतो.

१०८, छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीचे वार आणि आजार कोणत्या बाजूला आहे, डावी की उजवी, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. रात्री मामी एकट्या घरी असल्या तर कोणत्या कुशीवर झोपवायचं, हे त्यांना फोन न करता कळलं पाहिजे.